क्री लेर मुगाचे होकार

फेब्रुवारी लागला की क्री लेर मुगा घरोघरी जेवायला निघायची. तिला कुणी बोलावलेलं नसायचं. अकराच्या सुमारास ती एखाद्या घराच्या शिडीशी उभी राहायची, चपला काढायची आणि वर हाक मारायची, "भात झाला का गं?" आता आमच्याकडे "जेवलात का" हा नुसता रामराम असतो. माणसं "जेवलो" म्हणतात आणि पुढे चालू लागतात, मग पोटात काही असो वा नसो. मुगा मात्र उत्तराची वाट न बघता वर चढायची, चुलीजवळ बसायची आणि ताटली पुढे ओढायची.

लहानपणी आम्ही तिला 'सात नंबरची मांजर' म्हणायचो, कारण आमचा विभाग सात नंबरचा. मुगा म्हणजे मावशी, आत्या, काकू, काहीही. आमच्या निर्वासितांच्या छावणीत पन्नाशी उलटलेली प्रत्येक बाई मुगाच. पण बाकीच्या मुगा अशा दुसऱ्यांच्या चुलीशी जाऊन बसत नसत. रेशनच्या तांदळावर चालणाऱ्या वस्तीत तसं कुणीच करत नाही. ही बसायची आणि लोक तिला वाढायचे. बांबूच्या कोंबांची पातळ भाजी, आंबवलेल्या मासळीचा ठेचा, असला तर एखादा सुका मासा. का वाढायचे, हे कळायला मला बाविसावं वर्ष लागलं. त्यासाठी आधी एक घोडचूक करावी लागली.

आमची घरं बांबूची, खांबांवर उचललेली, आणि छप्पर वाळलेल्या रुंद पानांचं. पक्कं बांधायचं नाही असा नियम आहे, कारण आम्ही इथे तात्पुरते राहतो. हे तात्पुरतं माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. दरवर्षी पावसाच्या आधी नवी पानं मिळतात. त्याआधीच्या दोन महिन्यांत जुनी पानं इतकी कोरडी झालेली असतात की बोटांनी चुरडली तर पीठ होतं. दोन घरांमध्ये कुठे दीड हात जागा, कुठे तेवढीही नाही. एका चुलीतून ठिणगी उडाली तर उतारावर आग खालून वर धावत जाते. प्रत्येक घराबाहेर पाण्याच्या पिशव्या टांगलेल्या असतात, वाळूची पोती असतात, पण त्यांनी चूल विझते, वस्ती विझत नाही. वस्ती वाचवायची एकच रीत आहे. आगीच्या पुढची घरं आपणच पाडायची, पानं ओढून बाजूला न्यायची आणि आग येईल तेव्हा तिला खायला काही ठेवायचं नाही. त्यासाठी लांब दांड्याच्या लोखंडी आकड्या असतात. आमच्या विभागात आकडीवाल्यांचं पथक बारा जणांचं होतं आणि त्यांची म्होरकी क्री लेर मुगा.

तिच्या पथकाचा एक नियम होता. पहिली आकडी घरमालकानं लावायची. त्यानं लावली नाही तर त्या घराला कुणी हात लावायचा नाही.

मला हा नियम अडाणीपणाचा वाटायचा. मी त्या वर्षी सीमेवरच्या गावात मोजणीचा आणि बांधकामाचा कोर्स करून परत आलो होतो आणि छावणीच्या पाणीविभागात कामाला लागलो होतो. हातात पन्नास मीटरची टेप होती आणि डोक्यात ती कुठेतरी लावायची घाई. पंधरा दिवस मी उतार मोजला, घरांमधली अंतरं मोजली, उन्हाळ्यातला वारा कुठून येतो ते लिहून काढलं. मग मला सापडली ती विभागाची कंबर. एका बाजूला कोरडा ओढा, दुसऱ्या बाजूला उघडा कातळ, आणि त्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात फक्त सात घरं. ही सात घरं पाडली की खालची आग वर जाऊच शकत नाही. एकशे बारा घरांच्या विभागाचा प्रश्न सात घरांत सुटत होता. मला इतका आनंद झाला की मी पाणीविभागातला लाल रंगाचा डबा उचलला आणि त्या सातही घरांच्या पुढच्या खांबावर ठळक फुली काढली, म्हणजे ऐन वेळी गोंधळ नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातपैकी सहा फुल्यांवर पोती टांगलेली होती. शिड्यांपाशी गाठोडी बांधून ठेवलेली. एक म्हातारी आपल्या नातवाला कडेवर घेऊन, चपला घालून, तयार होऊन बसली होती. सातव्या घरासमोर था क्लेर पाती, म्हणजे आमचा था क्लेर काका, उकिडवा बसून कोयत्यानं खांब खरवडत होता. सुपारीनं तोंड लाल झालेलं.

"ये," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "कुठल्या सैन्यात भरती झालास?"

"पाती, ही फक्त आगीसाठी..."

"आगीसाठीच असते रे. आमच्या गावातही आगीसाठीच होती."

म्हाताऱ्यांच्या गावांत सैनिक जाळायच्या घरांवर आधी खूण करून जायचे. माझा जन्म छावणीतला. घरावर खूण म्हणजे काय, हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि त्यांना अंगावरून.

क्री लेर मुगा आली तेव्हा मी डबा लपवायला जागा शोधत होतो. तिनं फुलीवर बोट फिरवलं, वास घेतला.

"चांगला रंग आहे. पावसात जाणार नाही."

"मुगा, मला वाटलं..."

"या सातही जणांनी गेल्या वर्षी मला हो म्हटलं होतं," ती म्हणाली. "तू जी कंबर मोजलीस ना, ती मी सहा वर्षांपूर्वी पायांनी मोजली. था क्लेरचा हो मिळवायला मला चार उन्हाळे लागले. काल दुपारी तुझ्या ब्रशनं सगळे पुसले."

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मार्चचा वारा सुटायला पाच आठवडे उरले होते. तेवढ्या वेळात सात होकार पुन्हा मिळाले नाहीत, तर त्या वर्षी कंबर नसल्यासारखीच होती.

"उद्या अकरा वाजता ये," ती म्हणाली. "टेप घरी ठेव. भूक घेऊन ये."

मग मी तिच्या मागे फिरलो. माझ्या मनात प्रश्नांचा ढीग होता. ही विचारते कसं? काय बोलते? कागदावर घेते का? पहिल्या घरी ती अर्धा तास गुडघ्यांबद्दल बोलली. दुसऱ्या घरी थंड देशात गेलेल्या मुलीबद्दल, तिला बर्फात चप्पल घालून फिरल्यामुळे ताप आला होता त्याबद्दल. ताटली चाटून झाल्यावर, हात धुता धुता, मीठ मागावं तशी तिनं विचारलं, "वेळ आली तर घर पाडशील ना गं?"

बाई म्हणाली, "हो, मुगा."

"बरं," असं म्हणून मुगा उतरली.

"एक झाला!" मी खाली आल्यावर म्हणालो.

"कुठला झाला? पोट भरल्यावर माणूस कशालाही हो म्हणतं."

"मग उपाशी असताना विचारायचं?"

"उपाशी माणूस तर आणखी लवकर म्हणतं."

"मग कधीचा खरा धरायचा?"

"तीनदा जायचं. एकदा घरात भरपूर असताना, एकदा काही नसताना, आणि एकदा सगळं घर हजर असताना. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं तर तो हो. आणि मी उत्तर देणाऱ्याकडे बघत नाही. जो गप्प बसतो त्याच्याकडे बघते. पहिला नाही तिथे असतो."

हे मी टिपून घेतलं. तिनं वही बघितली आणि म्हणाली, "बघ, आता हेही वहीत घालतोयस. उद्या यावरही फुली मारशील."

त्याच आठवड्यात शहरातून एक बाई आली होती. संकटात माणसांचं मन कसं टिकतं याची ती पाहणी करत होती. चांगली होती, आमच्या भाषेतली दहा-बारा वाक्यं पाठ करून आली होती. तिच्याकडे छापील प्रश्न होते. तिनं मुगाला विचारलं, "गेल्या दोन आठवड्यांत किती रात्री झोप लागली नाही?"

"वारा खालून होता त्या सगळ्या," मुगा म्हणाली.

"काळजी वाटली की तुम्ही काय करता?"

"जेवायला जाते."

"म्हणजे जास्त खाता?"

"नाही हो. दुसऱ्याकडे जाते."

बाईनं पेन थांबवलं. तिच्या कागदावर त्या उत्तराला चौकोन नव्हता. मला तिची दया आली, कारण माझ्या नकाशावरही नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही ओढ्याच्या काठी आकड्यांचा गंज घासत बसलो होतो. तेव्हा मी विचारलं की पहिल्या आकडीचा नियम आला कुठून. मुगा घासत राहिली.

"पंधरा वर्षांपूर्वीची आग तुला आठवते?"

"धूर आठवतो."

"तेव्हा विचारायची पद्धत नव्हती. पथक यायचं, दोर लावायचं, ओढायचं. एक म्हातारा होता, चिंचेच्या झाडाशेजारी राहायचा. आम्ही त्याला बाहेर काढलं आणि दोर लावला. तो मागच्या शिडीनं परत आत गेला. मधल्या खांबाला मिठी मारून बसला. आम्हाला दिसला नाही. ओढणाऱ्यांत मी तिसरी होते." तिनं आकडी उलटी केली. "तीन दिवस दवाखान्यात होता, मग गेला. आग त्याच्या घरापर्यंत आलीच नाही. वारा फिरला."

तिनं आकडीची दुसरी बाजू दगडावर घासायला घेतली.

"न विचारता घर ओढलं की माणूस आत पळतो," ती म्हणाली. "ज्यानं हो म्हटलंय तो बाहेर थांबतो. मला घरं मोजायची नसतात रे. आत कुणी आहे का, एवढंच मला कळायला हवं असतं."

मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सहा होकार परत आले. उरला था क्लेर पाती. त्याचं घर सातांत बरोबर मधलं. ते उभं राहिलं तर बाकी सहा पाडून उपयोग नव्हता. आग त्याच्या छपरावरून उडी मारून वर गेली असती.

आम्ही त्याच्याकडे सहा वेळा जेवलो. पाती स्वयंपाक उत्तम करायचा. बायको गेल्यापासून एकटाच होता, आणि एकटा माणूस मासळीच्या ठेच्यावर जितका जीव लावतो तितका दुसरं कुणी लावत नाही. सहाव्या वेळी तो स्वतःच बोलला.

"क्री लेर, किती वेळा येशील? माझी मिरची संपत आली."

"तू हो म्हणेपर्यंत."

"गेल्या वर्षी म्हणालो होतो. तेव्हा मला वाटलं, या एका घराचं मी ठरवतोय." त्यानं माझ्याकडे हनुवटी केली. "मग हा आला. याची फुली बघितली आणि मला कळलं की माझ्याआधीच ठरलंय."

"पाती, चूक माझी आहे, मुगाची नाही," मी म्हणालो.

"तुझी चूक नाही रे. तू हुशार आहेस. सगळे हुशारच होते." तो बोटांवर मोजू लागला. "सात वर्षांचा होतो तेव्हा पहिलं घर सोडलं. मग जंगलात दोन. मग नदीच्या त्या काठाला तीन. मग ती पहिली छावणी, जाळली गेली ती. मग इथे. प्रत्येक वेळी कुणीतरी येऊन सांगितलं, उठा, निघा, तुमच्याच भल्यासाठी. आणि खरंच ते भल्यासाठी असायचं! कधी आपली माणसं, कधी परकी. एकदाही मी स्वतः म्हटलं नाही की चला, हे घर आता पुरे." त्यानं ताटली खाली ठेवली. "तर या वेळी नाही. जळलं तर जळू दे. जळणं आणि पाडणं यांत फरक आहे."

"फरक आहे," मुगा म्हणाली.

मला वाटलं ती आता वाद घालेल, खांबाला मिठी मारलेल्या त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगेल. तिनं त्याच्या ठेच्याची तारीफ केली, अजून थोडा मागितला आणि आम्ही उतरलो.

"आता काय?" मी विचारलं.

"आता तो नाही म्हणालाय, तर नाही. वरची रांग बघावी लागेल."

वरची रांग म्हणजे मुगाच्या स्वतःच्या घराची. तिथेही उतार अरुंद होतो, पाच घरं पाडावी लागतात. त्या पाचांचे होकार तिच्याकडे होते. पण कंबर आणि ती रांग यांच्या मध्ये चौदा घरं होती. मी हे तिला आकड्यात सांगितलं. तिनं मान हलवली आणि चालत राहिली.

आग लागली चौदा मार्चला, दुपारी दोन वाजता. खालच्या टोकाला कुणाच्या तरी चुलीतून ठिणगी उडाली. इशाऱ्यासाठी टांगलेल्या लोखंडी चाकावर ठोके पडू लागले तेव्हा मी पाण्याच्या टाकीवर होतो. मी धावत कंबरेपाशी पोचलो, तोवर खालची दहाबारा छपरं पेटली होती आणि वारा सरळ वर येत होता. पथक तिथे होतं. सहा घरमालक आपापल्या घरासमोर आकडी धरून उभे होते, मुलं आणि भांडी वर पाठवून मोकळे झालेले. आणि था क्लेर पाती आपल्या शिडीवर बसला होता.

मुगा त्याच्यासमोर गेली. धावत नाही, चालत.

"था क्लेर, विचारते. लावतोस?"

"नाही."

मागून लोक ओरडू लागले. "अरे ऊठ की!" "म्हातारा सगळ्यांना घेऊन जाणार!" "मुगा, विचारतेस काय, ओढ!" एकानं आकडी छपराला टेकवलीसुद्धा. पातीनं सगळ्यांकडे एकदा बघितलं. "पाडा!" तो ओरडला. "पाडा एकदाचं! नाहीतरी विचारतंय कोण!" असं म्हणून तो उठला आणि शिडी चढून घरात गेला.

लोक पुढे सरसावले. त्यांच्या मते तो हो होता. मुगानं आकडीचा दांडा आडवा धरला.

"माणूस आत आहे," ती म्हणाली. "इथून हला. वरची रांग. चला!"

"वेडी झालीस का? चौदा घरं..."

"मला मोजता येतात. चला!"

सहा घरमालक आकड्या घेऊन वर धावले. त्यांची न पाडलेली घरं मागे तशीच राहिली. मुगानं मला दंडाला धरलं. "तू आत जा. त्याला ओढू नकोस. सांगू नकोस काही. नुसता शेजारी बस."

"आणि?"

"आणि बस."

मी आत गेलो. पाती मधल्या खांबाला पाठ लावून बसला होता. मी शेजारी बसलो. खालून चटचट आवाज येत होता, बांबूची पेरं फुटण्याचा. फटींमधून धूर आत यायला लागला. मला कोर्समध्ये शिकवलं होतं की अशा छपराला पेटायला किती सेकंद लागतात. तो आकडा मला तेव्हा आठवला नसता तर बरं झालं असतं.

"तू इथे काय करतोस?" पाती म्हणाला.

"बसलोय."

"बाहेर जा, मूर्खा."

"मुगानं बसायला सांगितलंय."

"जळून मरशील."

तो खोकला, मीही खोकलो. त्यानं मला कोपरानं ढकललं, मी पुन्हा टेकून बसलो.

"या बाईला काही अक्कल आहे का? दुसऱ्याचं पोर पाठवते!" तो उठला. "ऊठ. तुझ्यासाठी उठतोय, तिच्यासाठी नाही. सांग तिला." शिडी उतरताना त्यानं चुलीवरची किटली उचलली आणि हात भाजला म्हणून तिलाच शिवी दिली. आम्ही कातळापर्यंत पोचलो तेव्हा त्याचं छप्पर पेटलं.

वर मुगानं पहिली आकडी स्वतःच्या घराला लावली होती. पाच घरं खाली आली, पानं ओढून ओढ्यात टाकली गेली, आणि आग तिथे येऊन थांबली. चव्वेचाळीस घरं जळली, पाच पाडली. माणूस एकही गेला नाही. मी पुन्हा पुन्हा हिशोब मांडला. कंबर पाडली असती तर ती सात गेलीच असती, पण वरची चौदा आणि पाडलेली पाच वाचली असती.

हा हिशोब माझ्या एकट्याचा नव्हता. तिसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात ताडपत्रीखाली बैठक झाली. आधी तांदूळ, मग भांडी, मग पानं कधी येणार ते बोलून झालं. मग ब्वे पॉ उठली. शिवणकाम करायची, चाळिशीची, तोंडानं फटकळ. तिचं घर त्या चौदांतलं होतं आणि त्यात तिचं यंत्र गेलं होतं.

"मुगा, था क्लेरच्या 'नाही'साठी तू इतके उन्हाळे त्याच्या घरी जेवलीस. माझ्या घरी किती वेळा आलीस?"

"एकदाही नाही."

"का?"

"तुझं घर माझ्या रांगेत नव्हतं."

"नव्हतं ना? मग ते गेलं कसं? त्याला विचारलंस घर पाडू का म्हणून. मला कुणी विचारलं, त्याच्यापायी तुझं घर जाऊ दे का म्हणून?"

मला वाटलं मुगा आता त्या खांबाला धरून बसलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगेल. ती सांगितली असती तर अर्धे लोक रडले असते आणि ब्वे पॉला खाली बसावं लागलं असतं. मुगा तिच्याकडे बघत राहिली.

"नाही विचारलं," ती म्हणाली. "ते मला सुचलंच नाही. चुकले."

"चुकले म्हणून यंत्र येतं का परत?"

"नाही येत."

था क्लेर पाती मागे बसला होता, हाताला पट्टी बांधून. तो बैठक संपायच्या आत उठून गेला.

एप्रिलमध्ये बांबू आला, पानं आली. लोक बांधायला लागले. मुगाचं स्वतःचं घर अजून चार खांबांवर होतं आणि ती पुन्हा जेवायला फिरू लागली, या वेळी त्या चौदा घरी. ताडपत्रीखाली, तीन दगडांच्या चुलीशी. प्रश्न नवा होता. "पुन्हा कुणी एकानं नाही म्हटलं आणि आत बसला, तर त्याच्यासाठी तुझं घर जाऊ देशील?" मला वाटलं लोक तिला हाकलून देतील. काहींनी भात वाढायच्या आधी चार शब्द सुनावले. पण प्रश्न ऐकून सगळे विचारात पडायचे. नवराबायकोंत भांडणं लागायची. एकानं विचारलं, "तो कोण आहे त्यावर आहे. मेहुणा असला तर नाही." तीन-तीन फेऱ्या झाल्या. नऊ घरांनी हो म्हटलं. चौघांनी नाही. ब्वे पॉनं उत्तरच दिलं नाही. मुगा शिडीशी आली की ती वरून म्हणायची, "भात संपला."

हे नऊ होकार पातीच्या कानावर गेले. तो पाण्याच्या नळावर मला भेटला.

"कोण कोण?"

मी नावं सांगितली. तो प्रत्येक नावाला मान हलवत होता.

"त्या चौघांचं ठीक आहे," तो म्हणाला. "नाही म्हणणाऱ्याला काय, उलट बोलता येतं. पण या नऊ जणांचं मी काय करू? त्यांना कुणी सांगितलं होतं हो म्हणायला?"

"कुणी नाही. मुगानं फक्त विचारलं."

"हं." त्यानं बादली उचलली, दोन पावलं गेला आणि थांबला. "तिला म्हणावं, रविवारी जेवायला ये. बोलावतोय म्हणावं."

मुगाला निरोप दिला तेव्हा ती चक्रावली. तिला आयुष्यात कुणी बोलावलंच नव्हतं. ती केस विंचरून गेली.

पातीचं नवं घर जुन्या जागीच उभं राहत होतं, कंबरेच्या मधोमध. भिंती व्हायच्या होत्या. जेवण झालं, आणि ती विचारायच्या आत तो म्हणाला, "वेळ आली तर हे मी पाडीन. मी ठरवलंय. नऊ जणांनी माझ्यासाठी जागा सोडली, तर मला तेवढं सरकता येतं." आणि लगेच, तिनं तोंड उघडायच्या आत, "पण तुझी ती आकडी लावायची रीत चुकीची आहे. खाली चल."

तो आम्हाला घराखाली घेऊन गेला. "तू नेहमी पुढच्या खांबाला लावतेस. पुढचा ओढलास तर घर उताराकडे झुकणार, खालच्या शेजाऱ्यावर. पानं तिकडेच सांडणार, म्हणजे आगीच्या तोंडात. हा बघ. मागचा डावा. हा आधी सोडवायचा, मग आढ्याला आकडी, आणि कातळाच्या दिशेनं ओढ. पानं आपोआप कातळावर."

मी खांब बघितले, उतार बघितला. मनातल्या मनात भार कुठून कुठे जातो ते मांडलं. त्याचं बरोबर होतं. मी पंधरा दिवस अंतरं मोजली होती, पण घर पडतं कुठल्या अंगावर, हे ज्यानं बांधलं त्यालाच माहीत असतं. ते कुणी विचारलंच नव्हतं, मी तर नाहीच, मुगानंही नाही.

"प्रत्येक घराचं वेगळं असेल?" मी विचारलं.

"असणारच. हातच वेगळा ना."

"मग प्रत्येकाला विचारावं लागेल की कुठला खांब."

"घ्या," मुगा म्हणाली. "मला वाटलं होतं आता जेवणं कमी होतील."

त्या आठवड्यात पाती कोयता कमरेला लावून घराघराखाली वाकून फिरू लागला. बांधकाम चालू होतं तेवढ्यात खांब बघून ठेवायचे होते. लोक त्याला टोमणे मारत होते, पण खाली वाकू देत होते. शेवटी तो ब्वे पॉच्या घराशी गेला. मी मागे होतो. ती शिडीवर बसून हातानं शिवत होती.

"काय पाहिजे?"

"तुझे खांब बघायचे होते."

"माझं घर तुमच्या रांगेत नाही."

"नाही. पण मागच्या वेळीही नव्हतं."

ती सुई टोचत राहिली. तो उन्हात उभा राहिला, कोयता या हातातून त्या हातात घेत. मग ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्याच्या हातात दिला नाही, खालच्या पायरीवर ठेवला.

"घराखाली यायचं नाही," ती म्हणाली. "पाणी पी आणि जे बघायचं ते तिथूनच बघ."

पाती पायरीवर बसला. पाणी प्यायला. मग मान वाकडी करून, एक डोळा मिटून, तिच्या घराच्या मागच्या खांबाकडे बघत राहिला, आणि ती वरच्या पायरीवर बसून पुढचा टाका घालत राहिली.